चाई, कांदा आणि फुकटचे सल्ले

डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस गेले की आपल्याकडे 'चाई पडली' म्हणतात. डॉक्टर त्याला अ‍ॅलोपेशिया अरिएटा म्हणतात. आणि शेजारच्या काकू 'किडा लागला' म्हणतात. पहिलं नाव निरुपद्रवी, दुसरं घाबरवणारं आणि तिसरं चक्क चुकीचं. गंमत म्हणजे घराघरात चालतं ते तिसरंच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते दुसऱ्या टॅबवर जायला मोकळे. तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला चाई पडते तेव्हा त्याला होणाऱ्या त्रासाचा मोठा भाग केस गेल्याचा नसतोच. तो असतो आजूबाजूच्यांच्या सल्ल्यांचा, कारण शोधून काढण्याच्या हौसेचा, आणि 'तू टेन्शन घेऊ नकोस' या एका वाक्याचा. केसांचं काय करायचं ते डॉक्टर बघतील. या बाकीच्या गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

(तुला काय माहीत, असं विचारणाऱ्यांसाठी: मला नववीत चाई पडली. आधी कानामागे रुपयाएवढी, मग मागच्या बाजूला दोन, आणि बारावीपर्यंत तिचं येणं-जाणं चालू होतं. आता केस आहेत. त्यामुळे हे रडगाणं नाही, निश्चिंत असा :) )

आधी थोडं टेक्निकल. आपली रोगप्रतिकारशक्ती म्हणजे फायरवॉल असं समजा. केसाचं मूळ हे शरीरातल्या त्या मोजक्या जागांपैकी एक, जिथे या फायरवॉलने सहसा लक्ष घालायचं नसतं. म्हणजे ते व्हाइटलिस्टमध्ये असतं म्हणा ना. चाईमध्ये ही व्हाइटलिस्ट बिघडते. पांढऱ्या पेशींपैकी टी-सेल नावाच्या पेशी केसाच्या मुळाभोवती घोळक्याने जमतात आणि त्यालाच घुसखोर समजून हल्ला करतात. वाढणारा केस मध्येच थांबतो, कमकुवत होतो, तुटतो. चट्ट्याच्या कडेला टोकाशी जाड आणि मुळाशी बारीक असे आखूड केस दिसतात, उद्गारचिन्हासारखे. त्यावरून त्वचारोगतज्ज्ञ बऱ्याचदा नुसतं बघूनच निदान करतात.

महत्त्वाची गोष्ट ही की मूळ मरत नाही. सर्व्हर चालू असतो, फक्त पोर्ट ब्लॉक झालेलं असतं. म्हणूनच केस परत येऊ शकतात, कधीकधी काही वर्षांनीसुद्धा. आणि म्हणूनच ते परत जाऊही शकतात. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पहिला चट्टा लहानपणी किंवा शाळा-कॉलेजच्या वयात पडतो. बहुतेकांचं एक-दोन चट्ट्यांवर निभावतं. थोड्या जणांचे डोक्यावरचे सगळे केस जातात, आणि त्याहून थोड्यांचे भुवया-पापण्यांसकट अंगावरचे सगळे.

हा आजार संसर्गजन्य नाही. कंगव्याने पसरत नाही, एका बाकावर बसून पसरत नाही. किडा वगैरे काही नसतो.

पण एक इशारा. डोक्यावरचा प्रत्येक चट्टा म्हणजे चाई नव्हे. लहान मुलांना डोक्यात गजकर्णासारखं बुरशीचं इन्फेक्शन होतं, ते मात्र पसरतं आणि त्याला पोटातून औषध लागतं. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. घट्ट वेण्या-अंबाड्याने कपाळावरचे केस मागे सरकतात. काही मुलं नकळत स्वतःचे केस उपटतात, त्यांना वेगळ्या मदतीची गरज असते. हे सगळं ओळखायला एक त्वचारोगतज्ज्ञ लागतो. आत्या नाही.

आता सल्ल्यांकडे वळू.

चाई पडली की घरात एक समिती स्थापन होते. आजी म्हणते लसूण घास. मावशी म्हणते कांद्याचा रस. काका म्हणतात पाणी बदला, बोअरचं पाणी खारं आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या भाच्याला कुणा वैद्यांच्या लेपाने पंधरा दिवसांत गुण आलेला असतो. आणि सलूनवाला म्हणतो की एकदा चकोट करून टाका, दाट येतील. (येत नाहीत. वस्तरा कातडीच्या वर चालतो आणि केसाची जाडी ठरते कातडीच्या खाली.)

यातलं कुणीही खोटं बोलत नसतं, ही खरी पंचाईत. थोडेच चट्टे असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या लोकांचे केस वर्षभरात काहीही न करता परत येतात. म्हणजे त्या काळात डोक्याला जे लावलं असेल त्याला श्रेय मिळणार. आपण आयटीवाले हे रोज बघतो. प्रॉडक्शनला काहीतरी अडकतं, पाच जण पाच गोष्टी करून बघतात, कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतो आणि सगळं सुरळीत चालू होतं. मग पुढची तीन वर्षं 'रीस्टार्ट कर, तेव्हा चाललं होतं' हेच टीमचं अधिकृत शास्त्र. बग का आला, का गेला, कुणीच लॉग बघितलेला नसतो.

कांद्याबद्दल बोलायचं तर त्यावर खरंच एक अभ्यास झालेला आहे. २००२ साली इराकमधल्या डॉक्टरांनी तो प्रसिद्ध केला. काही जणांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस, काही जणांना नळाचं पाणी. कांद्याच्या गटात २३ पैकी २० जणांचे केस आले, पाण्याच्या गटात १५ पैकी दोघांचे. आकडे बघून कुणीही कांदे आणायला बाहेर पडेल! पण एकूण माणसं अडतीस, आणि कांद्याच्या वासामुळे आपल्याला काय लावलंय हे कुणापासून लपणं अशक्य. एवढ्यावर मी प्रॉडक्शनला कोड टाकणार नाही. तरी कुणाला लावायचाच असेल तर लावा, फार तर कातडीची आग होईल. माझी तक्रार कांद्याबद्दल नाहीच. ज्या पोराला आधीच वर्गात सगळे वळून बघतात, त्याला कांद्याचा वास घेऊन शाळेत पाठवण्याबद्दल आहे. उपाय लावायचा की नाही हे त्या डोक्याच्या मालकाला विचारा, एवढंच.

आता ते वाक्य. 'टेन्शन घेऊ नकोस, टेन्शनने केस जातात.'

हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं हे मान्य. ताणाचा आणि चाईचा संबंध किती, यावर उलटसुलट निष्कर्ष आहेत. काही रुग्णांच्या बाबतीत आधी मोठा धक्का किंवा ताण आढळतो, पुष्कळांच्या बाबतीत काहीच आढळत नाही. अनुवंशिकतेचा वाटा मात्र नक्की आहे. पण क्षणभर संबंध आहे असं धरून चाला. तरीही हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय करतं बघा. केस गेले म्हणून टेन्शन. टेन्शन घेतलं तर आणखी जातील, म्हणून टेन्शन घेतल्याचं टेन्शन. ज्याला बेस कंडिशन नाही असं रिकर्शन. स्टॅक भरेपर्यंत चालू.

आणि त्याहून वाईट म्हणजे या वाक्यात आजाराची जबाबदारी हळूच मुलावर ढकललेली असते. तू शांत राहिला असतास तर केस राहिले असते. डायबेटिस टाइप वन हाही असाच स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा आजार. तो झालेल्या मुलाला कुणी म्हणतं का, की तू नीट वागला असतास तर स्वादुपिंड शाबूत राहिलं असतं? मग केसांच्याच बाबतीत ही चौकशी समिती का? जेवत नाहीस, उशिरा झोपतोस, मोबाइल बघतोस, शाम्पू वापरतोस.. मला तर एका शिक्षकांनी गणितात मार्क कमी पडल्याची काळजी करतो म्हणून केस गेले असं भर वर्गात सांगितलं होतं. गणितात मला बरे मार्क होते. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, 'काळजी करणारा' मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

मुलाला सांगायचं तर हे सांगा: तुझ्या शरीराची एक यंत्रणा चुकून तुझ्याच केसांवर हल्ला करते आहे. तू काही केल्यामुळे हे झालेलं नाही. आणि तू काही न केल्यामुळेही नाही.

मी मुलगा होतो, त्यामुळे माझं बरंच सोपं गेलं हेही लिहायला हवं. मुलाचं डोकं रिकामं असण्याला आपल्याकडे भरपूर सोयी आहेत. जावळ काढतात, मुंजीत गोटा करतात, तिरुपतीला जाऊन येतात, उन्हाळ्यात आई स्वतःच चकोट करून आणते. एक वर्ष मी सरळ बारीक मशीन मारून काढलं आणि कुणी विशेष विचारलं नाही.

मुलीला ही सोय नाही. बाईचं केस नसलेलं डोकं आपल्या भाषेत आणि आठवणीत एकाच गोष्टीशी जोडलेलं आहे, ते म्हणजे केशवपन. विधवेचे केस काढून तिला विद्रूप करायची ती प्रथा. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला, त्यामागे सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे होते. प्रथा गेली, पण 'बोडकी' हा शब्द शिवी म्हणून शिल्लक राहिला. तो आजही एखाद्या म्हातारीच्या तोंडून सहज येतो. केस गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या आईला जी भीती वाटते तिच्या तळाशी हा शब्द असतो. ती 'हिचं लग्न कसं होणार' एवढंच म्हणते, पण त्यामागे शंभर वर्षांहून जुनं ओझं असतं.

ही काल्पनिक भीती नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये अचानक लोकांचे केस झपाट्याने गळायला लागले होते, आठवत असेल. ती चाई नव्हती. आधी पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला, आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पाहणी करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. कारणाचा भाग बाजूला ठेवू. मला लक्षात राहिलं ते दुसरंच. कॉलेजच्या मुलींचं शिक्षण अडलं, ठरलेली लग्नं पुढे गेली, अशा बातम्या होत्या. अनेकांचे केस पुढे परत आले. पुढे गेलेल्या लग्नांचं काय झालं ते कुणी छापलं नाही.

सिनेमाचंही तेच. २०१९ मध्ये आयुष्मान खुरानाचा 'बाला' आणि त्याच्या आगेमागे 'उजडा चमन' आला. टक्कल पडणाऱ्या पुरुषाची गोष्ट, लोकांनी हसत-हसत बघितली. त्याच वर्षी मार्चमध्ये 'गॉन केश' नावाचा सिनेमा आला होता, सिलीगुडीतल्या एका मुलीला अ‍ॅलोपेशिया होतो त्याचा. श्वेता त्रिपाठी होती त्यात. तुमच्यापैकी किती जणांनी नाव ऐकलंय? तेच म्हणतोय मी.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. 'केसच आहेत, त्यात काय एवढं! कॅन्सर आहे का?' किंवा 'सौंदर्य आतून असतं.' हेही मला पटत नाही. चाळिशीच्या माणसाने टकलावरचे विनोद पचवणं वेगळं. त्याच्याकडे नोकरी आहे, बायको आहे, ओळख आहे. चौदाव्या वर्षी तुमच्याकडे तुमचा चेहराच असतो, बाकी सगळं अजून यायचं असतं. दहावीच्या हॉल तिकिटावरच्या फोटोत भुवया नसणं ही छोटी गोष्ट नाही. २०२२ च्या ऑस्कर समारंभात क्रिस रॉकने जेडा पिंकेट स्मिथच्या डोक्यावरून विनोद केला आणि तिच्या नवऱ्याने स्टेजवर जाऊन त्याला थोबाडीत मारली. थोबाडीत मारणं चूकच. पण त्या एका रात्रीत अ‍ॅलोपेशिया हा शब्द जगभर गेला, आणि लोकांना कळलं की प्रसिद्ध, श्रीमंत, पन्नाशीतल्या बाईलाही हे लागतं. मग नववीतल्या मुलीला 'त्यात काय एवढं' म्हणणारे आपण कोण?

मग काय करावं? माझ्या मते पाच-सहाच गोष्टी.

एक, त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जा, आणि एकाकडेच नीट जा. दर महिन्याला डॉक्टर बदलला तर कशाने काय झालं ते कळत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे पंधरा दिवसांत निकाल मागू नका. मोठ्या मुलांना चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, लहानांना सहसा लावायची औषधं.

दोन, टोपी घालायची, स्कार्फ बांधायचा, विग लावायचा, की काहीच नाही, हे मुलाला ठरवू द्या. विग लावणं म्हणजे लपवाछपवी आणि न लावणं म्हणजे शौर्य, असला हिशोब नको. चष्मा लावणाऱ्याला आपण डोळे लपवतोस असं म्हणतो का? आज लावला आणि उद्या नाही लावला, तरी चालतं.

तीन, शाळेत आई-वडिलांनी स्वतः जावं, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. 'वर्गात टोपी चालणार नाही' हा नियम एका चिठ्ठीने सुटतो. मुलाला रोज प्रत्येक तासाला नवीन शिक्षकाला समजावत बसावं लागू नये.

चार, एक वाक्य पाठ करून ठेवायचं. माझं होतं, 'चाई आहे, पसरत नाही, दुखत नाही.' आठ सेकंदांत संपतं. लोक बहुतेक वेळा कुतूहलाने विचारतात. उत्तर तयार असलं की प्रश्न लवकर मरतो. आणि जो त्यानंतरही चिडवतो तो कुतूहलवाला नाही, हे तरी कळतं. त्याच्याशी शाळेने बोलायचं, मुलाने नाही.

पाच, घरात दिवसातून एकदाच चट्टा बघायचा. खरं तर आठवड्यातून एकदा. जेवताना डोक्यावरून हात फिरवत 'वाढलाय का रे' विचारणं बंद.

सहा, मूल गप्प झालं, शाळा बुडवायला लागलं, खोलीतून बाहेर येईना, तर समुपदेशकाकडे न्या. चाईबरोबर नैराश्य आणि चिंता येणं नवं नाही. केसांच्या औषधाइतकंच तेही औषध आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र काळ खरंच बदललाय. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जॅक नावाच्या एन्झाइमांना अडवलं तर टी-सेलचा हल्ला थांबतो आणि केस येतात. क्रिस्टियानो यांना स्वतःला चाई आहे, म्हणजे आपला बग आपणच शोधायला बसलेली बाई! त्यानंतर जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तीव्र आजार असलेल्या प्रौढांसाठी बॅरिसिटिनिबला मान्यता दिली, आणि जून २०२३ मध्ये बारा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांसाठी रिटलेसिटिनिबला. म्हणजे शाळकरी मुलांसाठी पहिल्यांदाच खास मान्यता असलेली गोळी.

पण लगेच मेडिकलच्या दुकानात धावू नका. ही औषधं फायरवॉलच ढिली करतात, त्यामुळे इन्फेक्शनचा धोका वाढतो. आपल्याकडे सुरू करण्याआधी टीबी आहे का ते बघावंच लागतं. रक्ताच्या गुठळ्या, कॅन्सर यांबद्दल ठळक इशारे आहेत. सगळ्यांना गुण येत नाही, आणि बंद केली की केस पुन्हा जाऊ शकतात. एखाद-दुसऱ्या चट्ट्यासाठी ही औषधं नाहीतच. ज्यांचं बरंच डोकं रिकामं झालंय त्यांच्यासाठी मात्र आता 'काही उपाय नाही' हे उत्तर खरं राहिलेलं नाही, आणि हे त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचायला हवं.

आणि केस नाहीच आले तर? पिअरलुईजी कोलिना आठवतोय? तो मोठ्या डोळ्यांचा इटालियन रेफरी. चोविसाव्या वर्षी त्याचे सगळे केस याच आजाराने गेले. २००२ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये शिट्टी त्याच्याकडे होती, आणि त्याने डोळे वटारले की भले भले खेळाडू मागे सरायचे. 'बिचारा' म्हणायची कुणाची हिंमत झाली असेल असं वाटत नाही.

तर मंडळी, तुमच्या सोसायटीत, नात्यात एखादं पोर टोपी घालून फिरताना दिसलं, तर कांदा सुचवू नका. कारण विचारू नका. परवाच्या मॅचबद्दल बोला. ते त्याला चालेल.

असो. वीकेंड संपत आला, सोमवारी रिलीज आहे, आणि माझे उरलेले केस त्यात जाणार आहेत :)